जुन्या फौजदारी निकालातील शिक्षा कशी वाचावी : ब्रिटिश अमलातील मॅजिस्ट्रेटचे किरकोळ गुन्ह्यांतील अधिकार

ब्रिटिश अमलातील एखाद्या मॅजिस्ट्रेटच्या निकालाची नक्कल हाती आली की वाचणारा बहुधा दोनच गोष्टी पाहतो : गुन्हा कोणता आणि शिक्षा किती. निकाल देणारा अधिकारी कोणत्या वर्गाचा होता, त्याला जास्तीत जास्त किती शिक्षा देता येत होती आणि त्याच्या निकालावर वर दाद मागता येत होती की नाही, हे तपासल्याशिवाय मात्र तो कागद पुरता वाचून होत नाही. एक महिन्याची कैद तृतीय वर्गाच्या मॅजिस्ट्रेटने दिली असेल, तर ती त्याच्या हातातील सर्वांत मोठी शिक्षा होती. तीच कैद प्रथम वर्गाच्या मॅजिस्ट्रेटने दिली असेल, तर ती त्याच्या अधिकाराचा चोविसावा हिस्सा होती, आणि १९२३ पूर्वीच्या निकालात नेमक्या त्या मापामुळे अपिलाची वाट बंद झालेली असे. घराण्याचा, गावाचा किंवा चळवळीचा इतिहास लिहिणाऱ्यांना असे कागद वारंवार भेटतात. ते कोणत्या क्रमाने तपासावेत, हे येथे सांगितले आहे.

सर्वप्रथम प्रदेश आणि साल

कागदावरील गाव त्या वेळी कोणाच्या राज्यात होते, हे आधी ठरवावे. पुणे, सातारा, नाशिक, रत्नागिरी, खानदेश हे मुंबई इलाख्यातील जिल्हे असल्याने तेथे ब्रिटिश हिंदुस्थानचे फौजदारी कायदे थेट लागू होते. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे जिल्हे मध्य प्रांतात होते आणि तेथील व्यवस्थेत एक महत्त्वाचा फरक होता, तो पुढे येईल. कोल्हापूर, सांगली, औंध ही संस्थाने होती, मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज कायदा चालत होता. म्हणून या भागांतील निकालांना खाली दिलेली मापे परस्पर लावू नयेत.

यानंतर साल पाहावे. भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. गुन्हा कोणता आणि त्याला कमाल शिक्षा किती, हे ती सांगत असे. कोणत्या न्यायालयाने कोणत्या रीतीने खटला चालवावा आणि किती मर्यादेपर्यंत शिक्षा द्यावी, हे फौजदारी प्रक्रिया संहितेत असे, आणि ही संहिता १८६१, १८७२, १८८२ व १८९८ अशी चार वेळा नव्याने झाली. १८६१ च्या संहितेत ‘मॅजिस्ट्रेट’ आणि त्याच्या हाताखालील प्रथम व द्वितीय वर्गाचे ‘सबॉर्डिनेट मॅजिस्ट्रेट’ अशी रचना होती. प्रथम, द्वितीय व तृतीय अशी त्रिवर्ग रचना १८७२ मध्ये आली. त्यामुळे १८६५ सालच्या कागदावर ‘प्रथम वर्ग सबॉर्डिनेट मॅजिस्ट्रेट’ असे दिसले, तर त्या अधिकाऱ्याचा अधिकार पुढच्या काळातील द्वितीय वर्गाइतकाच समजावा. ही चूक पुष्कळ जणांकडून होते. येथून पुढचे विवेचन १८९८ च्या संहितेला धरून आहे. ती १ जुलै १८९८ पासून लागू झाली आणि स्वातंत्र्यानंतरही १९७४ पर्यंत, मध्ये झालेल्या दुरुस्त्यांसह, चालू राहिली.

सहीखालचा हुद्दा

निकालाच्या शेवटी सहीखाली अधिकाऱ्याचा हुद्दा आणि वर्ग लिहिलेला असतो. संहितेच्या ३२ व्या कलमाने प्रत्येक वर्गाची मर्यादा आखून दिली होती. प्रथम वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला दोन वर्षांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड आणि फटके देता येत. द्वितीय वर्गाला सहा महिने आणि २०० रुपये, तर तृतीय वर्गाला एक महिना आणि ५० रुपये ही मर्यादा होती. मुंबई शहरात प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट बसत आणि त्यांचा शिक्षेचा अधिकार प्रथम वर्गाएवढाच होता, परंतु अपिलाच्या बाबतीत त्यांचे स्थान फार वेगळे होते.

जिल्ह्यात ही पदे कोणाकडे होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांमागचे सरकार दिसू लागते. जिल्ह्याचा कलेक्टर हाच डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट असे, प्रांताधिकारी सामान्यतः प्रथम वर्गाचा मॅजिस्ट्रेट असे, आणि मामलेदाराकडे बहुधा द्वितीय वर्गाचे अधिकार असत. तालुक्याचा सारा वसूल करणारा आणि तालुक्यातील मारामारीचा निकाल देणारा माणूस एकच होता. साऱ्यावरून मामलेदाराशी ज्याचे वाकडे आले, त्याच्यावरील अतिक्रमणाचा खटलाही त्याच मामलेदारापुढे चालू शकत होता. ही गोष्ट केवळ गैरसोयीची नव्हती. न्यायाच्या मुळावर येणारी होती, आणि राष्ट्रीय सभेने सुरुवातीच्या काळापासून न्याय व अंमल यांच्या विभक्तीची मागणी लावून धरली, ती याच कारणाने. मुंबई राज्यात त्यासाठी कायदा झाला तो १९५१ साली, स्वातंत्र्यानंतर. म्हणून निकाल वाचताना अधिकाऱ्याचा मुलकी हुद्दा वेगळा टिपून ठेवावा. खटला जमीन, जंगल, गुरे किंवा सरकारी हुकूम यांपैकी कशाशी संबंधित असेल, तर अशी टिपण हमखास उपयोगी पडते.

मॅजिस्ट्रेटच्या या उतरंडीच्या खाली गावचा पोलीस पाटील होता. १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने किरकोळ मारहाण आणि शिवीगाळ यांच्या प्रकरणांत अपराध्याला चावडीत अल्पकाळ अडकवून ठेवण्याचा अधिकार पाटलाला मिळत असे. त्याचा निकाल म्हणून वेगळा कागद क्वचितच हाती लागतो.

नागपूरकडचा फरक आता सांगतो. ज्या प्रांतांत कलेक्टरऐवजी डेप्युटी कमिशनर असत, तेथे सरकारला ३० व्या कलमाखाली डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटला किंवा प्रथम वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला, देहान्ताची शिक्षा असलेले गुन्हे सोडून, बाकी सर्व गुन्हे चालवण्याचा खास अधिकार देता येत होता. अशा मॅजिस्ट्रेटला सात वर्षांपर्यंत शिक्षा देता येई. मध्य प्रांत त्यांत मोडत होता. म्हणून वर्ध्याच्या एखाद्या कागदावर मॅजिस्ट्रेटने चार वर्षे सक्तमजुरी दिलेली दिसली तर ती लेखनिकाची चूक समजू नये. पुण्याच्या कागदावर तसे दिसले, तर मात्र तो कागद सेशन्स कोर्टाचा तर नाही ना, हे तपासावे.

कलम, आणि कलमापलीकडचा आकडा

आता गुन्ह्याचे कलम घ्यावे. दंड संहितेत प्रत्येक कलमाला स्वतःची कमाल शिक्षा होती. ३५२ खालील हल्ल्याला तीन महिने किंवा ५०० रुपये, ४४७ खालील अनधिकार प्रवेशालाही तेवढीच, ३२३ खालील दुखापतीला एक वर्ष किंवा १,००० रुपये, १६० खालील सार्वजनिक जागी केलेल्या मारामारीला एक महिना किंवा १०० रुपये, ३७९ खालील चोरीला तीन वर्षे. सार्वजनिक जागी दारू पिऊन गोंधळ घालण्याच्या ५१० व्या कलमाला तर २४ तासांची साधी कैद किंवा १० रुपये एवढेच. यांतील कोणता गुन्हा कोणत्या न्यायालयापुढे चालू शकतो, ते प्रक्रिया संहितेच्या दुसऱ्या परिशिष्टाच्या आठव्या रकान्यात दिलेले असे. साध्या चोरीपुढे त्या रकान्यात ‘कोणताही मॅजिस्ट्रेट’ असे होते.

म्हणजे शिक्षेवर दोन मर्यादा एकाच वेळी असत, एक गुन्ह्याची आणि दुसरी अधिकाऱ्याच्या वर्गाची, आणि त्यांपैकी जी लहान, ती लागू होई. चोरीला तीन वर्षांची तरतूद असली तरी तृतीय वर्गाचा मॅजिस्ट्रेट एका महिन्यापलीकडे जाऊ शकत नव्हता. आरोपीला याहून जबर शिक्षा हवी असे द्वितीय किंवा तृतीय वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला वाटले, तर तो प्रक्रिया संहितेच्या ३४९ व्या कलमाखाली आपले मत नोंदवून प्रकरण वरिष्ठ मॅजिस्ट्रेटकडे पाठवू शकत होता. कागदावर ३४९ चा उल्लेख असेल, तर खालच्या अधिकाऱ्याने गुन्हा शाबीत धरला होता आणि शिक्षा मात्र वरून ठरली, असा त्याचा अर्थ होतो. अशा वेळी दोन ठिकाणचे कागद शोधावे लागतात.

दंड न भरल्यास भोगायच्या कैदेचा हिशेब नवख्याला अवघड वाटतो. एक कल्पित उदाहरण घेऊन तो करून पाहू. समजा, १९११ साली द्वितीय वर्गाच्या मामलेदाराने चोरीबद्दल सहा महिने सक्तमजुरी आणि २०० रुपये दंड ठोठावला, आणि दंड न भरल्यास आणखी दोन महिने असे लिहिले. दंड संहितेच्या ६५ व्या कलमाप्रमाणे ही जादा कैद त्या गुन्ह्याच्या कमाल मुदतीच्या एक चतुर्थांशाहून अधिक नसावी. चोरीला तीन वर्षे, म्हणून येथे नऊ महिने. प्रक्रिया संहितेचे ३३ वे कलम मात्र म्हणते की मूळ शिक्षेत कैद दिली असेल, तर जादा कैद त्या मॅजिस्ट्रेटच्या अधिकारातील कैदेच्या एक चतुर्थांशापुरतीच असावी. मामलेदाराचा अधिकार सहा महिन्यांचा, त्याचा चौथा हिस्सा दीड महिना. म्हणजे ‘दोन महिने’ हे पंधरा दिवसांनी जास्त झाले आणि तेवढ्यापुरता तो हुकूम बेकायदा ठरतो. पूर्ण सहा महिन्यांवर दीड महिना वाढवण्यास मात्र मोकळीक होती. गुन्हा केवळ दंडाचाच असेल, तर हिशेब सोपा आहे. ५० रुपयांपर्यंतच्या दंडाला दोन महिने, १०० पर्यंतच्या दंडाला चार महिने आणि त्यापुढे सहा महिने, आणि तीही साधी कैद, असे दंड संहितेचे ६७ वे कलम सांगते.

‘एकांतवास’ असा शब्द कागदावर असेल तर दंड संहितेचे ७३ वे कलम पाहावे. सहा महिन्यांपर्यंतच्या सक्तमजुरीत एक महिना, वर्षापर्यंतच्या सक्तमजुरीत दोन महिने आणि त्यापुढे तीन महिने ही त्याची कमाल मर्यादा होती.

फटके

या शिक्षेवर घाईने नजर फिरवू नये. १८६४ च्या आणि पुढे १९०९ च्या फटक्यांच्या कायद्याने चोरीसारख्या गुन्ह्यांत कैदेऐवजी फटके देता येत असत, आणि सोळा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत गुन्ह्यांची यादी अधिक लांब होती. प्रक्रिया संहितेने फटक्यांची कमाल संख्या ३० ठेवली होती. प्रौढांसाठी वेताची जाडी अर्ध्या इंचाहून कमी नसावी, असेही तीत लिहिले होते. स्त्रिया आणि ४५ वर्षांवरील पुरुष यांना ही शिक्षा देता येत नव्हती, ती हप्त्यांनी देता येत नव्हती आणि आरोपीची प्रकृती ती सोसण्याजोगी आहे का, हे पाहावे लागत असे. द्वितीय वर्गाच्या मॅजिस्ट्रेटला खास अधिकार मिळाल्याखेरीज फटके देता येत नसत. ‘फक्त फटके’ अशी शिक्षा प्रथम वर्गाच्या मॅजिस्ट्रेटने दिली, तर त्यावर अपील नव्हते. दंड परत करता येतो आणि कैद अर्ध्यावर थांबवता येते. पाठीवर पडलेला वेत परत घेता येत नाही. तरीही अपील नाकारलेल्या शिक्षांत ती बसवलेली होती. स्वतंत्र भारताने ही शिक्षा १९५५ साली रद्द केली.

संक्षिप्त चौकशी कशी ओळखावी

काही निकाल एका ओळीचे किंवा छापील नमुन्यातले असतात. त्यांत साक्षी नसतात, आरोपपत्र नसते, केवळ अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, फिर्यादीचे नाव, आरोपीचे नाव, बापाचे नाव व राहण्याचे ठिकाण, आरोपीचे म्हणणे, निष्कर्ष, थोडक्यात कारण आणि शिक्षा एवढेच असते. असा कागद प्रक्रिया संहितेच्या २६० व्या कलमाखालील संक्षिप्त चौकशीचा समजावा. डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट, खास अधिकार दिलेला प्रथम वर्गाचा मॅजिस्ट्रेट, किंवा प्रथम वर्गाचे अधिकार असलेले मॅजिस्ट्रेटांचे बेंच यांना ती चालवता येई. सहा महिन्यांपर्यंत शिक्षा असलेले गुन्हे, साधी दुखापत, ५० रुपयांपर्यंतच्या मालाची चोरी, वजनमापांतील लबाडी, हेतुपुरस्सर केलेला अपमान, गुरांच्या कोंडवाड्याच्या कायद्याखालील काही अपराध, असे गुन्हे तीत येत. अशा चौकशीत तीन महिन्यांहून अधिक कैद देता येत नव्हती.

साक्षी आढळल्या नाहीत म्हणून कागद अपुरा आहे किंवा पाने हरवली आहेत, अशी समजूत करून घेऊ नये. ज्या खटल्यात अपील नव्हते, त्यात पुरावा लिहून घेण्याचे बंधनच कायद्याने मॅजिस्ट्रेटवर ठेवले नव्हते. आरोपीने काय सांगितले, साक्षीदार उलटतपासणीत कुठे अडखळला, हे त्या खटल्यांपुरते कायमचे गेले आहे. उपलब्ध ‘थोडक्यात कारण’ हे मॅजिस्ट्रेटचे स्वतःचे कथन आहे, हे लक्षात ठेवूनच ते उद्धृत करावे.

अपिलाची रेषा

एखाद्या शिक्षेचा खरा जोर समजून घ्यायचा तर ती अपिलाच्या रेषेच्या अलीकडे होती की पलीकडे, हे पाहावे. प्रक्रिया संहितेच्या ४१३ व्या कलमाप्रमाणे प्रथम वर्गाच्या मॅजिस्ट्रेटने केवळ एक महिन्यापर्यंत कैद किंवा केवळ ५० रुपयांपर्यंत दंड दिला, तर अपील नव्हते. संक्षिप्त चौकशीत ४१४ व्या कलमाने हीच रेषा तीन महिने आणि २०० रुपयांवर नेली होती. १९२३ च्या दुरुस्तीने मॅजिस्ट्रेटने दिलेल्या कैदेवर अपिलाचा हक्क दिला आणि या दोन्ही कलमांत मॅजिस्ट्रेटच्या दंडाची मर्यादा तेवढी उरली, म्हणून निकाल त्या सालाच्या आधीचा की नंतरचा, हे आवर्जून पाहावे. दोन प्रकारच्या शिक्षा एकत्र दिल्या, म्हणजे थोडी कैद आणि थोडा दंड, तर ४१५ व्या कलमाने अपिलाची वाट उघडत असे.

यातली एक गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते. ४१३ व्या कलमात द्वितीय व तृतीय वर्गाच्या मॅजिस्ट्रेटांचे नाव नव्हते. त्यामुळे तृतीय वर्गाच्या मॅजिस्ट्रेटने केलेल्या पाच रुपयांच्या दंडावर अपील होते, आणि प्रथम वर्गाने केलेल्या पन्नास रुपयांच्या दंडावर नव्हते. कायद्याचा विश्वास अधिकाऱ्याच्या वर्गावर होता. मात्र खालच्या दोन वर्गांच्या निकालावरील अपील ४०७ व्या कलमाप्रमाणे डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेटकडे, म्हणजे पुन्हा कलेक्टरकडेच जाई. प्रथम वर्गाच्या निकालावरील अपील सेशन्स कोर्टात जाई, आणि त्यासाठी १९०८ च्या मुदतीच्या कायद्याने ३० दिवस दिले होते. आरोपीने गुन्हा कबूल केला असेल, तर अपील केवळ शिक्षा कायदेशीर आहे का आणि ती जास्त आहे का, एवढ्यापुरते उरत असे. हायकोर्टाचा पुनरीक्षणाचा, म्हणजे खालचा निकाल स्वतः फेरतपासण्याचा, अधिकार या सगळ्यांच्या वर होता, परंतु तो हक्क म्हणून मागता येत नव्हता.

मुंबई शहराची स्थिती याहून कडक होती. प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटने सहा महिन्यांहून अधिक कैद किंवा २०० रुपयांहून अधिक दंड दिला, तरच हायकोर्टात अपील करता येत असे, आणि त्या रेषेच्या आतील खटल्यांत सविस्तर साक्षी लिहून घेण्याची सक्तीही नव्हती. म्हणून गिरणगावातील एखाद्या कामगाराला झालेली सहा महिन्यांची सजा आणि साताऱ्याकडच्या शेतकऱ्याला झालेली सहा महिन्यांची सजा कागदावर सारखी दिसली, तरी त्यांच्यापुढे मोकळ्या असलेल्या वाटा सारख्या नव्हत्या.

आरोपी युरोपीय असेल तर ही सर्व मापे बदलत. १९२३ पर्यंत साधा प्रथम वर्गाचा मॅजिस्ट्रेट युरोपीय ब्रिटिश प्रजाजनाला तीन महिन्यांहून अधिक कैद देऊ शकत नव्हता. त्याच खुर्चीत बसून तो हिंदी माणसाला दोन वर्षे देऊ शकत होता. आरोपीचे नाव आणि जात या दोन रकान्यांवर शिक्षेची कमाल मर्यादा ठरत असे, हे एकाच वर्षातील दोन निकाल शेजारी ठेवले की स्पष्ट दिसते.

चळवळीतील कागद आणि शिक्षा नसलेली कैद

१९३० च्या कायदेभंगात जुलै महिन्यात पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांनी जंगल सत्याग्रह केला आणि पुढे तो महाराष्ट्रात ठिकठिकाणी पसरला. १९२७ च्या जंगल कायद्याच्या २६ व्या कलमात सहा महिने कैद किंवा ५०० रुपये दंड अशी कमाल शिक्षा होती. अशा सत्याग्रह्यांच्या कागदांवर अपील दिसत नाही म्हणून शिक्षा अपिलापलीकडची होती, असा निष्कर्ष काढू नये; पुष्कळांनी बचावच केला नाही आणि अपिलही केले नाही. मुदतीचा आकडा मात्र पुढे वेगळ्याच तऱ्हेने महत्त्वाचा ठरला. १९७२ साली केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची योजना सुरू झाली, तेव्हा तीत तुरुंगवासाची सर्वसाधारण अट किमान सहा महिन्यांची होती. ज्याचा खटला तृतीय वर्गाच्या मॅजिस्ट्रेटपुढे चालला, त्याला एका आरोपाखाली एका महिन्याहून अधिक सजा मिळणे शक्यच नव्हते.

मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला होता आणि १९४२ मध्ये वटहुकुमाने विशेष न्यायालये नेमली गेली. त्यांच्या निकालांना वरील मर्यादा लागू नाहीत.

तसेच कागदावर १०९ किंवा ११० ही प्रक्रिया संहितेची कलमे असतील, तर तो माणूस कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला नव्हता. चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला गेला आणि तो देता आला नाही म्हणून त्याला तुरुंगात ठेवले, एवढाच त्याचा अर्थ आहे. गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमातींतील कितीतरी माणसांच्या वाट्याला ही कैद आली. घराण्याच्या इतिहासात अशा पूर्वजाला ‘शिक्षा झालेला’ लिहिणे हा त्याच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय ठरेल.

शोध कुठे घ्यावा

किरकोळ खटल्यांची मूळ कागदपत्रे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करण्याची रीत होती, म्हणून पूर्ण खटला मिळेल अशी आशा धरून जाऊ नये. खटला द्वितीय किंवा तृतीय वर्गाचा असेल, तर अपिलाची नोंद जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात शोधावी. प्रथम वर्गाचा असेल तर जिल्हा न्यायालयाच्या अभिलेख कक्षात. कैद झाली असल्यास तुरुंगाच्या नोंदवहीत कलम, मुदत, शिक्षा देणारे न्यायालय आणि सुटकेची तारीख मिळू शकते, आणि मूळ निकाल गेलेला असला तरी या चार नोंदींवरून मॅजिस्ट्रेटचा वर्ग बहुतेक वेळा निश्चित करता येतो. सरकारी पत्रव्यवहारासाठी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील पुराभिलेखागार पाहावे. अर्ज करताना आरोपीचे नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, अंदाजे वर्ष आणि माहीत असल्यास कलम एवढे लिहावे. जुन्या नोंदी मोडीत असण्याची शक्यता असल्याने मोडी वाचणारी व्यक्ती सोबत न्यावी.